ताईच्या नावाचा अर्ज

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. त्यांची थोरली बहीण ५६ वर्षांची, एकटी. आयुष्यभर शिवणकाम करून तिने घर चालवलं आणि आईवडिलांच्या माघारी धाकटीचं शिक्षणही पार पाडलं. गेल्या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. आता रेडिएशन सुरू व्हायचं आहे, आणि लेट्रोझोल ही हॉर्मोनची गोळी रोज एक अशी चालू आहे. ताईची शिल्लक संपली, धाकटीने काढलेलं कर्जही संपत आलं. मागच्या आठवड्यात धाकटीच्या हाती गोळ्यांची पट्टी लागली. पट्टीच्या मागे ताईने बॉलपेनने तारखा लिहिल्या होत्या : ३, ५, ७, ९. गोळी एक दिवसाआड चालली होती. त्याच संध्याकाळी एक गृहस्थ ओव्हरलॉक मशीन बघायला आले, तेव्हा कळलं की ताईने ते विकायला काढलं आहे.

हॉस्पिटलच्या समाजसेविकेने एका धर्मादाय संस्थेचा अर्ज दिला होता. ताईने तो घडी करून परत दिला. म्हणाली, "स्वतःचं घर आहे आपलं. हात पसरायची वेळ आलेली नाही. ते पैसे खऱ्या गरिबांचे असतात." वाचक भगिनी विचारतात : "मी तिच्या नावाने अर्ज भरून सही ठोकून देऊ का? पैसे आले की माझ्या ऑफिसातून मिळाले म्हणून सांगेन. खोटं बोलणं वाईट, हे कळतं मला. पण तिच्या जिवापुढे ते काय?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात अर्जाचा प्रश्न मोठा आहे, पण मी आधी त्या पट्टीपाशी अडले. अर्जाचं काय करायचं ते ठरायला काही दिवस लागतील. गोळीला तेवढा वेळ देता येणार नाही. तेव्हा पहिलं काम हे : गोळी एक दिवसाआड चालली आहे हे डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि तेही पुढच्या तारखेची वाट न बघता. लेट्रोझोल शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी ठेवतं, कारण ताईंना झालेल्या प्रकारचा कॅन्सर त्या हॉर्मोनवर पोसला जातो. ही गोळी सहसा किमान ५ वर्षं रोज घ्यायची असते. ती अर्ध्यावर आणली म्हणजे खर्च अर्धा झाला असं वाटतं, पण ज्या कामासाठी ती आहे ते काम अर्धवट राहण्याचा धोका आपण पत्करत असतो.

आता एक विचारते. गोळी एक दिवसाआड का, हे तुम्ही ताईंना विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. पट्टी पाहिली, मशीनचं गिऱ्हाईक पाहिलं आणि दोन्हींची सांगड पैशाशी घातलीत. असेलही तसंच. पण या गोळीने सांधे धरतात, विशेषतः सकाळी बोटं आखडतात. पुष्कळ बायका याच दुखण्यापायी ती मधेच सोडून देतात. जिचं सगळं आयुष्य सुईत दोरा ओवण्यात गेलं, तिची बोटं वळेनाशी झाली तर ती ते धाकट्या बहिणीला सांगेल का? कदाचित मशीन विकण्यामागेही तेच असेल. मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण विचारल्याशिवाय तुम्हीही सांगू शकणार नाही. बोटांचा त्रास असेल तर डॉक्टरांकडे वाटा आहेत. त्याच गटातलं दुसरं औषध देऊन बघतात, कधी टॅमॉक्सिफेन या वेगळ्या गटातल्या गोळीवर नेतात, व्यायाम सुचवतात. त्यावर पैशाची मदत हे उत्तरच नव्हे.

कारण पैसाच असेल, तर दुसरा प्रश्न येतो. या सगळ्या उपचारात लेट्रोझोल ही तुलनेने स्वस्त वस्तू, कारण त्या औषधावरचं पेटंट केव्हाच संपलंय. त्या गोळीवर बचत करायची वेळ आली, याचा अर्थ पैसा दुसरीकडून गळतो आहे. कुठून, ते एका कागदावर लिहून काढा. हॉस्पिटलच्या खेपा, सोबत येणाऱ्याचं बुडालेलं काम, तपासण्या, हाडांची घनता मोजायची चाचणी (ही गोळी हाडं ठिसूळ करते म्हणून ती लागते), ड्रेसिंगचं सामान, आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ताईंनी न शिवलेले कपडे. हा शेवटचा आकडा कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही. मदत मागताना हाच कागद तुमच्या उपयोगी पडेल. "पैसे हवेत" म्हटलं की समोरच्याला काही उमगत नाही. "रेडिएशनच्या इतक्या खेपांचं भाडं आणि तेवढे दिवस राहायची सोय हवी" म्हटलं की संस्थेच्या माणसाला आपल्या कोणत्या खात्यातून काय देता येईल ते लगेच दिसतं.

आता सहीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : करू नका. एक कारण व्यवहाराचं आहे. जबाबदार संस्था मदत देण्याआधी पडताळणी करते. रुग्णाला फोन येतो, हॉस्पिटलला विचारणा जाते, कधी घरी कुणी येऊन जातं. तो फोन ताईंनी उचलला तर काय होईल, याचा विचार करून बघा. संस्थेच्या लेखी तो खोटा अर्ज ठरेल आणि खरोखर हक्क असलेली मदत हातची जाईल.

पण फोन आलाच नाही असं धरलं, तरीही मी नकोच म्हणेन. गेलं वर्षभर ताईंच्या शरीराबद्दल दुसरे ठरवत आले आहेत. कधी कापायचं, किती कापायचं, कोणतं औषध शिरेतून सोडायचं. त्यांनी मान डोलावली असेल, पण निवड करायला वाव कितीसा होता? आपला व्यवहार आपल्या हातात ठेवणं, एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे उरली आहे. तीही तुम्ही प्रेमापोटी काढून घेतलीत आणि पुढे कधीतरी त्यांना कळलं, तर जखम त्या खोट्याची नसेल. "हिनेसुद्धा मला विचारलं नाही," याची असेल.

तुम्ही लिहिता की ताई स्वाभिमानी आहेत, म्हणून मदत घेणार नाहीत. इथे मला माझा एक जुना अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी एका हॉस्पिटलात अर्ज भरून देणाऱ्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसत असे. एक बाई आल्या, पन्नाशीच्या. सगळी उत्तरं नीट देत होत्या. उत्पन्नाच्या रकान्याशी आलो आणि त्यांनी त्या रकान्यावर आपला तळहात ठेवला. बराच वेळ काढेनात. मला वाटलं, लाज वाटते आहे. मी समजूत घालू लागले की यात कमीपणा काही नाही वगैरे. त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "हे कोण कोण वाचणार?" त्यांच्या नात्यातला एक जण त्याच हॉस्पिटलात कामाला होता. वाचणारी माणसं दोनच आहेत आणि कागद कपाटात बंद राहतो, हे कळल्यावर त्यांनी हात उचलला. मी दहा मिनिटं भलत्याच गोष्टीची समजूत घालत बसले होते.

म्हणून ताईंचा नकार नेमका कशाला आहे, ते शोधा. अर्जाला? चौकशीला? नातेवाइकांना कळण्याला? की एखाद्या कार्यक्रमात धनादेश हातात घेऊन फोटो काढावा लागेल, या भीतीला? यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. फोटो आणि नाव छापायला नकार देण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि अर्ज देतानाच तसं लेखी कळवता येतं. "फोटो नाही तर मदत नाही" असं म्हणणाऱ्या संस्थेकडे जाऊ नका, दुसरी शोधा. हे मी अगदी ठामपणे सांगते. आजारी माणसाचा चेहरा हे मदतीचं मोल होऊ शकत नाही.

राहिली ती "खऱ्या गरिबांची" गोष्ट. ही इतक्या जणांच्या मनात असते की जरा सविस्तर लिहिते. २०१५ मध्ये आग्नेय आशियातल्या ८ देशांमधल्या ९ हजारांहून अधिक कॅन्सर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या एका वर्षात त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरावर आर्थिक अरिष्ट कोसळलं होतं. अरिष्ट म्हणजे काय, याचीही व्याख्या होती : वर्षाच्या घरगुती उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम पदरमोड करून उपचारावर जाणं. यातले कितीतरी जण आजार येण्याआधी आपापल्या पायावर उभे असलेले लोक होते. हा आजार आधीपासूनच्या गरिबांना गाठतो तसाच तो धडधाकट घरालाही वर्षभरात गरीब करतो. कितीतरी संस्था नेमक्या या दुसऱ्या घसरणीसाठी मदत देतात. कोण पात्र आणि कोण नाही, याचे नियम त्यांनी केलेले आहेत आणि ते तपासायला त्यांची माणसं आहेत. ताईंनी स्वतःला अपात्र ठरवलं म्हणजे ते पैसे आपोआप कुणा अधिक गरजू बाईकडे जातात, असंही नाही. त्या बाईने स्वतः अर्ज केला तरच तिचा विचार होणार.

आणि वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ओव्हरलॉक मशीन म्हणजे ताईंची उद्याची कमाई. ते विकून दोन महिने ढकलता येतील. तिसऱ्या महिन्यात पैसे नसतील आणि मशीनही नसेल. सगळं विकून झाल्यावर मग मदत मागायची, हा क्रम आपल्याला सभ्यपणाचा वाटतो, पण त्याने एका वर्षाची अडचण जन्माची होऊन बसते. तेव्हा मशीनच्या गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला सांगा. एवढं तरी ताई ऐकतील.

मदत प्रत्यक्षात कशी येते, ते कळलं की "हात पसरणे" हा शब्दही थोडा मवाळ होईल. बऱ्याच संस्था रुग्णाच्या हातात रोख पैसे देतच नाहीत. त्या हॉस्पिटलच्या खात्यावर रुग्णाच्या नावाने रक्कम जमा करतात, किंवा औषधांच्या दुकानाला चिठ्ठी देतात. काही फक्त प्रवासभाडं देतात, काही हॉस्पिटलजवळ राहायची सोय करतात, काही कृत्रिम स्तन आणि त्यासाठीची खास अंतर्वस्त्रं, काही हाताची सूज रोखणारी बाही, काही केसांचा टोप. सगळं एका ठिकाणी मिळेल ही अपेक्षा सोडा. दोन-तीन जागांहून थोडं थोडं जमवावं लागतं, आणि एका संस्थेकडे अर्ज केला आहे हे दुसरीला मोकळेपणाने सांगावं. ते लपवलं तर उलट घोटाळा होतो. सरकारी योजना किंवा विमा लागू आहे का हेही आधी बघा, कारण बहुतेक अर्जांत तो प्रश्न असतोच.

कागद जमवायचं काम तुमचं. बायोप्सीचा रिपोर्ट, हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टूचा रिपोर्ट (कॅन्सर हॉर्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढतो का, ते सांगणारा), शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद, पुढच्या उपचाराची डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची योजना आणि खर्चाचा अंदाज, ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा, बँकेचं पासबुक. ताईंसारख्या स्वतःचं काम करणाऱ्या बाईकडे पगारपत्रक नसतं, तिथे बरेच लोक अडतात आणि अर्ज सोडून देतात. त्याऐवजी काय चालेल ते विचारा. स्वतःचं निवेदन, गिऱ्हाइकांच्या नोंदीची वही, बँकेतल्या गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या जमा रकमा. कमाई कशी घसरली हे त्या दोन वर्षांच्या फरकातून कुणालाही दिसेल. सगळ्याच्या ४-५ प्रती काढा, मूळ कागद कुणाकडेही सोडू नका. शिवाय, झालेल्या खर्चाची भरपाई फार थोड्या संस्था करतात. बहुतेकींना पुढच्या उपचाराचा अंदाज लागतो. म्हणून रेडिएशनचा अर्ज रेडिएशन सुरू व्हायच्या आत गेला पाहिजे. ज्या समाजसेविकेने तो अर्ज दिला होता, तिच्याकडेच परत जा. घडी करून परत आलेले अर्ज तिने खूप पाहिले असतील, ती मनावर घेणार नाही.

आणखी एका माणसाला पैशाची अडचण सांगायची राहिली आहे : डॉक्टरांना. आपण डॉक्टरांपुढे नेहमी सगळं ठीक असल्याचा चेहरा करून बसतो. खर्चाचं बोललो तर उपचार हलका करतील, असं वाटतं. प्रत्यक्षात काही वेळा तितकाच चांगला आणि कमी खर्चाचा मार्ग असतो. रेडिएशनचंच घ्या. पूर्वी ५ आठवड्यांत २५ वेळा जावं लागे. आता पुष्कळ रुग्णांना ३ आठवड्यांत १५ वेळा देतात. ब्रिटनमध्ये ४ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात एका आठवड्यातल्या ५ वेळाही पुरेशा ठरल्या. प्रत्येकीला हे लागू होत नाही. काखेतल्या गाठी, शस्त्रक्रियेचा प्रकार, बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात आणि ते डॉक्टरच ठरवणार. पण "खेपा कमी करता येतील का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? २५ खेपा आणि १५ खेपा यांत ताईंचे दोन आठवडे, दोन आठवड्यांचं भाडं आणि तुमच्या दोन आठवड्यांच्या रजा आहेत.

ज्या वाचकांच्या घरी हर-टू प्रकारचा कॅन्सर आहे, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. त्यात ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी देतात, आणि खर्चाचा कणा मोडतो तो तिथे. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध २०१५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि २०१९ च्या अखेरीस त्याच्या पहिल्या बायोसिमिलरला, म्हणजे त्याच तोडीच्या कमी किमतीच्या रूपाला, मान्यता दिली. बायोसिमिलर चालेल का, ते विचारा. औषध कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनाही असतात आणि त्यांची वाट बहुतेक वेळा डॉक्टरांच्याच टेबलावरून जाते. हा कॅन्सर झालेल्या पुरुषांनीही (एकूण रुग्णांत ते सुमारे १ टक्का किंवा त्याहून थोडे कमी) संस्थेच्या नावात "महिला" आहे म्हणून परत फिरू नये. फोन करून विचारावं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. मदत मंजूर करण्यासाठी आधी फी मागणारा, टक्केवारी मागणारा किंवा फोनवर ओटीपी विचारणारा माणूस मदत करणारा नव्हे. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागा, आणि समोरून आलेल्या नंबरवर विसंबू नका, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडून नंबर घेऊन स्वतः फोन लावा. इंटरनेटवरून लोकवर्गणी काढायची कल्पना तुमच्या डोक्यात आली असेल तर ताईंच्या बाबतीत ती मी सर्वांत शेवटी ठेवीन. तिथे गोष्ट सांगावी लागते, फोटो लागतो, आणि एकदा पसरलेलं परत घेता येत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी जमलेल्या रकमेतून काही भाग कापला जातो, तो आधी विचारून घ्या.

एखादा अर्ज नाकारला गेला तर ताई म्हणतील, "बघ, मी सांगत होते." त्यासाठी तयार राहा. नकाराचं कारण लेखी मागा. वर्षाचा निधी संपला, एक कागद कमी पडला किंवा संस्था फक्त शस्त्रक्रियेलाच मदत करते, अशी साधी कारणं पुष्कळदा निघतात.

आता बोलायचं कसं? अर्ज पुढ्यात ठेवून सुरुवात करू नका. पट्टीपासून करा. "ताई, मी तारखा बघितल्या. बोटं दुखतात की पैशाचं आहे?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. लगेच उत्तर येणार नाही. पैशाचं आहे असं निघालं, तर तुमचं कर्ज किती उरलं आहे ते खरं सांगा. तुम्ही त्यांच्यापासून तो आकडा लपवला असणार, असा माझा अंदाज आहे. दोघी एकमेकींपासून झळ लपवत बसलात तर निर्णय कुणी घ्यायचा? "तू माझं शिक्षण केलंस, तेव्हा माझी फीमाफी झाली होती का गं?" हेही विचारा. झाली असेल तर तो अर्ज ताईंनीच कधीतरी भरला असेल. मग सगळं एकदम मागू नका. फक्त रेडिएशनच्या काळातलं भाडं, एवढ्याच एका गोष्टीचा अर्ज करायचा का, ते त्यांना ठरवू द्या. भरायचं काम तुमचं, सही त्यांची.

आणि "फुकटचं कसं घ्यायचं" हे त्यांच्या मनातून जातच नसेल, तर एक सांगून ठेवते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेत धरायला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची छोटी उशी देतात, त्याने टाक्यांवरचा ताण कमी होतो. अनेक देशांत या उशा स्वयंसेवक शिवून हॉस्पिटलला देतात. ताई बऱ्या झाल्या, हाताला डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मनात आलं, तर त्यांच्याइतक्या सफाईने ती उशी कोण शिवेल? मात्र हे परतफेड म्हणून सांगू नका. मदतीवर कसलंही देणं चढत नाही.

रेडिएशनच्या आखणीसाठी बोलावतील त्या दिवशी ती गोळ्यांची पट्टी पर्समध्ये घालून न्या. तोवर डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालेलं असेलच, तरी पट्टीमागच्या तारखा त्यांना दिसू द्यात. त्या ताईंनाच दाखवू द्या. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा.